दिव्यांची अवस आणि खिम्याचे पातेले

आषाढ वद्य अमावास्या ही दिव्यांची अवस. घरातील समया, निरांजने, लामणदिवे, अडगळीत पडलेला कंदीलसुद्धा या दिवशी बाहेर निघतो. चिंच आणि राखेने पितळ घासले जाते, पाटाभोवती रांगोळी रेखली जाते, आणि तिन्हीसांजेला उजळलेल्या दिव्यांपुढे घरातील लहानथोर हात जोडतात. कणकेचे गुळाचे दिवे उकडून, त्यांवर तुपाची धार धरून ते प्रसाद म्हणून खाल्ले जातात. पावसाने काळवंडलेल्या दिवसांत घरातील प्रकाशाची आठवण ठेवणारा असा सण आपल्या पूर्वजांनी नेमून दिला, याचे आम्हांला नेहमी कौतुक वाटत आले आहे.

असे असता याच सणाच्या पानावर आम्ही आज खिम्याविषयी लिहावयास बसलो आहो, हे पाहून काही वाचकांच्या कपाळाला आठी पडेल. ती पडू द्यावी. कारण महाराष्ट्रातील कितीतरी देवभोळ्या, कुलाचार काटेकोरपणे पाळणाऱ्या घरांत आषाढाच्या अखेरच्या आठवड्यात मटणाचे पातेले चुलीवर चढते, आणि श्रावणाच्या पहिल्या दिवसापासून तेच घर कांदा-लसणाचे नावही घेत नाही. या दोन गोष्टी एकाच गृहिणीच्या हातून, एकाच स्वयंपाकघरात, एकाच श्रद्धेने घडतात. त्यांपैकी एकीविषयी अभिमानाने बोलावे आणि दुसरीविषयी कुजबुजावे, ही रीत आम्हांला मान्य नाही.

आपल्याकडे हल्ली एक समजूत बळावत चालली आहे. धार्मिक घर म्हणजे शाकाहारी घर, आणि जेथे मांस शिजते तेथे देवधर्म काय तो नावापुरता, अशी ती समजूत. ही ज्यांची असेल त्यांनी एकदा कार्ल्याच्या एकवीरेला जाणाऱ्या कोळी-आगरी कुटुंबांबरोबर डोंगर चढून पाहावा. नवरात्रात तुळजापूरला अजाबळीचा विधी होतो, खंडेनवमीला अनेक मराठा घराण्यांत शस्त्रांची पूजा होते आणि बोकडाचे जेवण होते. कोकणपट्टीत आणि मुंबईच्या जुन्या ज्ञातींत भाद्रपदातल्या गौरीला पुरणावरणाबरोबर, किंवा त्याच्या दुसऱ्या दिवशी, तिखटाचा नैवेद्य दाखविणारी घरे आहेत. माहेरवाशीण आली आहे, तिला घरात जे उत्तम ते वाढावयाचे, एवढाच त्यामागील सरळ भाव. या घरांच्या भक्तीला उणे ठरविण्याचा अधिकार कोणी कोणास दिला?

चातुर्मासाच्या आधीची ही धांदल केवळ मांसाहारी घरांतच असते असेही नाही. आषाढ शुद्ध नवमीला कांदेनवमी म्हणतात. त्या दिवशी शाकाहारी घरांतून कांद्याची भजी, कांद्याचे थालीपीठ, कांद्याची भाजी असा कांद्याचाच थाट असतो, कारण एकादशीपासून चार महिने कांदा वर्ज्य. चार महिने जे सोडावयाचे ते सोडण्यापूर्वी एकदा मनसोक्त खाऊन घ्यावे, ही माणसाची जुनी, भाबडी, क्षम्य खोड आहे. कांदेनवमीला आपण हसतो, कौतुक करतो. मग आषाढ अमावास्येच्या खिम्यानेच काय घोडे मारले आहे?

परंतु या दिवसांना जे नाव चिकटले आहे त्याविषयी मात्र आम्हांला दोन कडक शब्द लिहिले पाहिजेत. दिव्यांच्या अवसेला सर्रास ‘गटारी’ म्हणण्याची प्रथा पडली आहे. मूळ शब्द ‘गतहारी’ असा असून जो आहार आता गेला त्याचा तो दिवस, अशी व्युत्पत्ती काही जण सांगतात. ती खरी असो वा मागाहून जुळविलेली असो, रस्त्यावर हा शब्द ज्या अर्थाने वापरला जातो तो सर्वांना ठाऊक आहे. दारू पिऊन गटारात लोळण्याचा दिवस, हा तो अर्थ. ज्या संध्याकाळी घरची सून समईच्या वाती सारखी करीत असते त्याच संध्याकाळी घरचा कर्ता पुरुष झोकांड्या खात उंबरठा ओलांडतो, आणि वर त्याला सणाचे नाव देतो. मांसाहाराला जी काही बदनामी लाभली आहे ती बोकडामुळे नाही, या बाटलीमुळे आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. खिमा हा घरी, चुलीपाशी, मुलांबाळांत बसून खावयाचा पदार्थ. त्याचा आणि गुत्त्याचा संबंध जोडणाऱ्यांनी दोहोंचाही अपमान केला आहे.

दिवसाचा मुद्दाही येथेच सांगून टाकतो. ज्यांचा कुलाचारच अमावास्येचा असेल त्यांना आम्ही काही सांगावयास जाणार नाही. पण जेथे तसे बंधन नाही तेथे मांसाचे जेवण अमावास्येपूर्वीच्या रविवारी किंवा बुधवारी उरकावे आणि अमावास्या दिव्यांसाठी मोकळी ठेवावी, हे आम्हांला अधिक शोभिवंत वाटते. अनेक घरांत आता तसेच होते. त्यात सोयही आहे. कारण त्या एका दिवशी मटणाच्या दुकानापुढे जी रांग लागते तिच्यात उभे राहून मनाजोगा माल मिळणे कठीणच.

शास्त्र काय म्हणते, असा प्रश्न श्रद्धावान वाचक विचारणारच, आणि तो त्याने विचारावाही. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात मांसभक्षणाचे विधि-निषेध सविस्तर आले आहेत. तेथे अखेरीस सांगितले आहे ते असे की, ही प्राण्यांची स्वाभाविक प्रवृत्ती असल्याने तीत दोष नाही, परंतु निवृत्तीचे फळ मोठे आहे. आपल्या घरांनी श्रावण पाळून नेमका हाच मध्य साधला आहे, असे आम्हांला वाटते. वर्षाचे काही दिवस प्रवृत्तीला मोकळीक, काही दिवस निवृत्तीचा अभ्यास. संपूर्ण त्याग ज्याला जमेल तो थोर. गळ्यात तुळशीची माळ घालून मांस कायमचे सोडणाऱ्या वारकऱ्यापुढे आमचे मस्तक नम्रच होते. पण त्याच वारकरी परंपरेने सजन कसायाला आपल्या संतांत घेतले आहे, आणि पांडुरंग त्याच्याबरोबर मांस विकावयास बसला अशी कथा प्रेमाने सांगितली आहे, हेही विसरता येत नाही. सजनाच्या तराजूत वजन म्हणून शाळिग्राम असे आणि देवाला ते तेथेच आवडे, असेही भक्तकथा सांगतात.

महाभारताच्या वनपर्वातील धर्मव्याधाची कथा तर याहून बोलकी आहे. कौशिक नावाच्या तपस्व्याने क्रोधाच्या दृष्टीने एक बगळी भस्म केली आणि त्या सामर्थ्याच्या ताठ्यात तो एका दारी भिक्षेला उभा राहिला. घरधनीण पतीच्या सेवेत गुंतली होती, तिला उशीर झाला. तपस्वी संतापला, तेव्हा मी काही ती बगळी नव्हे, असे तिने त्याला शांतपणे ऐकविले आणि धर्म जाणून घ्यावयाचा असेल तर मिथिलेच्या व्याधाकडे जा म्हणून सांगितले. कौशिक गेला तो थेट मांसाच्या दुकानापाशी. तेथे मांस विकत बसलेल्या त्या माणसाने त्याला धर्म शिकविला. व्याध स्वतः प्राणी मारीत नसे आणि मांस खातही नसे. तो केवळ कुळाचा व्यवसाय सचोटीने चालवी आणि आईबापांची देवासारखी सेवा करी. नांगराच्या फाळाखाली भूमीतील किती जीव मरतात याचीही आठवण त्याने कौशिकाला करून दिली. ज्या समाजाने आपल्या थोर ग्रंथात धर्माचे प्रवचन खाटकाच्या तोंडी घातले, त्या समाजातील माणसाने मटणाच्या दुकानावरून जाताना नाकाला रुमाल लावावा हे विपरीतच नव्हे काय?

आणि नलदमयंतीची गोष्ट? वेष पालटून, बाहुक नाव घेऊन आलेला सारथी हाच आपला नल की काय, हे दमयंतीने कशावरून ताडले? खुणा इतरही होत्या. पण त्यांतील एक अशी की, तिने केशिनी दासीकरवी बाहुकाने शिजविलेले मांस मागविले आणि चाखून पाहिले. नलाच्या हातची चव तिच्या जिभेला पूर्वीपासून ठाऊक होती. आमच्या मते घरच्या स्वयंपाकाचा याहून मोठा गौरव कोणत्याच वाङ्मयात नसेल.

खिमा हा शब्द मात्र आपला नव्हे. बारीक तुकडे केलेले मांस या अर्थाचा तो मुळात तुर्की, फारसीतून कीमा होऊन हिंदुस्थानात आला आणि मराठीत खिमा झाला. पण शब्द परका म्हणून वस्तूही परकी असे समजण्याचे कारण नाही. आयुर्वेदात ‘वेसवार’ नावाची एक कृती सांगितली आहे. हाडे काढलेले मांस वाटून, वाफवून, त्यात गूळ, तूप, पिंपळी आणि मिरी घालावयाची. हा खिमा नाही तर काय? गंमत अशी की, वेसवार हा शब्द आपल्या घरांतून गेलेला नाही. आज तो एका मसाल्याच्या पुडीला आपण वापरतो, आणि ज्या सोवळ्या घरांत मांसाचे नाव काढीत नाहीत तेथील भाज्यांतही हा वेसवार पडतो. कल्याणीच्या चालुक्य राजा तिसऱ्या सोमेश्वराने इ. स. ११३० च्या सुमारास रचलेल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथातील अन्नभोगाच्या प्रकरणातही मांसाचे नाना प्रकार वर्णिले आहेत. पुढे चांद्रसेनीय कायस्थ प्रभूंच्या घरांत खिमा कानवल्याच्या पारीत जाऊन बसला आणि मुंबईत इराण्याच्या हॉटेलात त्याने पावाशी सोयरीक केली. असो. जिभेचा इतिहास राजांच्या इतिहासाहून अधिक मिसळीचा असतो, आणि त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही.

आता प्रत्यक्ष पातेल्याकडे वळू. मटणाच्या इतर प्रकारांपेक्षा खिमा आम्हांला या दिवसांसाठी अधिक योग्य का वाटतो, याला साधे कारण आहे. अर्धा किलो मटणाचा रस्सा केला तर सहा माणसांच्या वाट्याला हाडेच अधिक येतात. तोच अर्धा किलो खिमा, दोन बटाटे आणि वाटीभर मटार घालून केला तर सहा जणांना पुरून एखादी वाटी शेजारी देता येते. आषाढात ओला मटार कोठून आणावा, असे कोणी म्हणेल. वाळवलेला मटार आदल्या रात्री भिजत घालावा आणि वेगळा उकडून घ्यावा. त्याची चव अंमळ निराळी लागते, पण वाईट नाही.

खिमा तयार बारीक केलेला घेऊ नये. बोकडाच्या मांडीचे किंवा खांद्याचे हाडाविरहित मांस निवडावे, ते आपल्यासमोर बारीक करून घ्यावे, आणि शक्य तेथे यंत्रापेक्षा ओंडक्यावर सुऱ्याने केलेला खिमा पत्करावा. यंत्रातून दोनदा निघालेल्या खिम्याचा लगदा होतो व तो शिजताना गोळे धरतो. धुवावयाचे ते मांस अख्खे असताना धुवावे. बारीक केल्यावर पाण्याखाली धरले तर त्यातील सत्त्व आणि चव मोरीत जाते. थोडी चरबी असू द्यावी. अगदी कोरडा खिमा चोथ्यासारखा लागतो.

एक गोष्ट गृहिणींनी विशेष ध्यानात ठेवावी. अख्ख्या तुकड्यापेक्षा खिमा फार लवकर नासतो. मांसाच्या पृष्ठभागावर जे सूक्ष्म जंतू असतात ते बारीक करताना आतबाहेर सर्वत्र मिसळतात. त्यामुळे पावसाळ्याच्या दमट हवेत खिमा आणल्यावर तो ओट्यावर तासन्‌तास ठेवणे धोक्याचे. आणल्याबरोबर शिजवावयाचा नसेल तर तो फ्रिजमध्ये ठेवावा, आणि शिजवताना आत कोठेही लाली राहता कामा नये. लहान मुले, वृद्ध माणसे आणि गर्भवती स्त्रिया यांच्या बाबतीत तर याविषयी मुळीच हयगय नको.

खिम्याला हळद, मीठ आणि आले, लसूण, कोथिंबीर, हिरवी मिरची यांचे वाटण चोळून अर्धा तास झाकून ठेवावे. जाड बुडाच्या पातेल्यात चार मोठे चमचे तेल तापवून त्यात तमालपत्र, चारपाच लवंगा, बोटभर दालचिनी, थोडी मिरी व दोन मसाल्याचे वेलदोडे टाकावे. नंतर तीन मोठे कांदे, अगदी बारीक चिरलेले. येथे पंधरा-वीस मिनिटांची सबुरी लागते. कांदा नुसता मऊ झाला म्हणजे झाले असे नव्हे, तो तांबूस झाला पाहिजे. खिम्याचा सारा रंग आणि निम्मी चव या कांद्यात आहे, आणि बिघडलेल्या दहा खिम्यांपैकी नऊ या ठिकाणच्या घाईने बिघडलेले असतात, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

मग खिमा घालून आच मोठी करावी आणि उलथन्याने गोळे फोडीत राहावे. खिम्याला पाणी सुटते, तो राखाडी दिसू लागतो; नवशिक्या सुनेला वाटते काही बिनसले. काही बिनसलेले नसते. ते पाणी आटू द्यावे, तेल कडेने दिसू लागेपर्यंत परतावे, आणि त्यानंतरच तिखट व मसाला. कोणता मसाला, यावर आम्ही निवाडा देणार नाही. कोल्हापूरकर कांदा-लसूण मसाल्यावाचून जेवणार नाहीत, सिंधुदुर्गातील मंडळी मालवणी मसाल्याची बरणी काढतील, आणि दोघेही आपापल्या जागी बरोबर आहेत. ज्या मसाल्याचा वास आल्याबरोबर मुले अंगणातून आत येतात तोच त्या घरचा मसाला.

पुढे एखादा टोमॅटो किंवा दोन चमचे फेटलेले दही घालावे. पातेले पितळेचे असेल तर त्याची कल्हई शाबूत असल्याची खात्री आधीच करून घ्यावी, कारण आंबट पदार्थाचा उघड्या पितळेशी संबंध येऊ देणे बरे नव्हे. आता पातेल्यावर खोलगट ताट ठेवून त्या ताटात पाणी घालावे आणि आच मंद करावी. आपल्या आज्या-पणज्यांची ही युक्ती फार शहाणपणाची आहे. वरच्या पाण्याने ताट फार तापत नाही, आतील वाफ त्याला लागून पुन्हा थेंबाथेंबाने पातेल्यात उतरते आणि खिमा करपत नाही. शिवाय मधून पाणी घालावे लागलेच तर ताटातील कढत पाणी हाताशी तयार असते. थंड पाणी ओतून शिजणे थांबत नाही. अर्ध्या पाऊण तासात खिमा बोटाने दाबला असता सहज मोडतो. बटाट्याच्या फोडी मध्यावर घालाव्या, उकडलेला मटार शेवटी. रस्सा हवा असेल त्यांनी भाजलेल्या सुक्या खोबऱ्याचे आणि कांद्याचे वाटण लावावे. आम्हांला स्वतःला भाकरीबरोबर अंगाबरोबर रस असलेला खिमा आवडतो, त्यावर लिंबू पिळलेले. वाटणाने त्याचा मटणाचा रस्सा होतो आणि खिमा म्हणून त्याची ओळख बुजते, असे आमचे मत आहे. ते कोणावर लादण्याची इच्छा नाही.

शिजवावयाचा किती, हाही प्रश्न आहेच. उद्या श्रावण लागला म्हणजे उरलेले कोणी खाणार नाही, आणि जीव घेऊन आणलेले अन्न टाकून देणे यासारखे पाप नाही. मांस खाण्याच्या पापपुण्याविषयी पुष्कळ बोलले जाते. ते उकिरड्यावर फेकण्याविषयी कोणीच बोलत नाही. तेव्हा माणसे मोजावी आणि तेवढाच आणावा. ताटावर ताटे लावून ‘उद्यापासून नाही’ या धास्तीने पोट बिघडेपर्यंत खाणाऱ्यांचा श्रावणातला पहिला दिवस अनिच्छेनेच उपवासाचा होतो, हा अनुभव कोणत्याही डॉक्टरला विचारावा.

आम्ही या लेखाला बसलो ते खरे तर ज्या गोष्टीसाठी, ती आता सांगतो. या साऱ्या थाटात गृहिणीचे काय होते? सकाळपासून ती दिवे घासते. दुपारी कणकेचे दिवे उकडते. संध्याकाळी पूजा मांडते. जेथे दोन्ही गोष्टी एकाच दिवशी येतात तेथे त्यातच वाटण, कांदा, भाकऱ्या, आणि मंडळी जेवून उठल्यावर चुलीपाशी बसून ती पातेल्याच्या बुडाशी राहिलेला मसाला भाकरीला लावते. रात्री मटणाची भांडी निराळी घासावयाची, ओटा धुवावयाचा, कारण पहाटे श्रावण लागतो. पुढचा महिना सोमवार, मंगळागौर, शुक्रवारची जिवती असा सगळा तिच्याच उपवासांचा आणि तिच्याच स्वयंपाकाचा. आणि कित्येक घरांत तर ती स्वतः मांसाला शिवतसुद्धा नाही. इतरांसाठी रांधते आणि आपण पिठले खाते. तिच्या या करण्याला आपण कुलाचार म्हणतो. आम्ही त्याला कष्ट म्हणतो.

तेव्हा आमची सूचना अशी की, वर्षातून निदान या एका दिवशी खिम्याचे पातेले घरातील पुरुषांनी हाती घ्यावे. मांस हे पुरुषांनी शिजवावे असे म्हटले की काही जणांना ते नवे फॅड वाटेल. त्यांना एवढेच विचारावे की, बाहुक होऊन रांधणारा नल कोण होता? विराटाच्या मुदपाकखान्यात बल्लव नाव घेऊन पळी हाती धरणारा भीम कोण होता? एक निषधाचा राजा, दुसरा गदाधारी पांडव. त्यांच्या पुरुषार्थाला स्वयंपाकाने डाग लागला नाही. आपल्यालाही लागणार नाही. तीन कांदे चिरताना डोळ्यांतून पाणी येईल, तेवढे सोसावे. आणि जेवताना पहिले ताट घरच्या लक्ष्मीचे वाढावे, चांगल्या भागाचे, तळाचे नव्हे.

एकाच छपराखाली माळकरी सासूबाई आणि खाणारी नातवंडे अशी घरे पुष्कळ आहेत. तेथे तडजोड मनाची हवी. ‘तुमच्या वेळी चालत नव्हते, आता चालते’ असे सुनेने म्हणू नये, आणि ‘माझ्या घरात वशाट नको’ असे सासूबाईंनी नातवाच्या ताटावर म्हणू नये. भांडी वेगळी, शेगडी वेगळी, देवघराचा पडदा ओढलेला, आणि त्या दिवशी आजींना वाढावयाचे वरणभाताचे ताट नातवाने स्वतः नेऊन द्यावयाचे, एवढ्यात सगळे बसते. आमच्या माहितीच्या अनेक घरांत हे वर्षानुवर्षे सुखाने चालले आहे. जे एका घरात चालते ते एका इमारतीत का चालू नये, हे मात्र आम्हांला उमगत नाही. मुंबई-पुण्याच्या काही सोसायट्यांत मांसाहारी कुटुंबाला जागा नाकारली जाते, अशा तक्रारी वारंवार ऐकू येतात. फोडणीचा वास जिन्यात येतो हे खरे. बोंबिलाचा येतो, हिंगाचा येतो, आणि करपलेल्या दुधाचाही येतो. ज्याला तो सहन होत नाही त्याने खिडकी लावून घ्यावी. शेजाऱ्यानेही आपले दार लोटून घ्यावे, सोललेली साले आणि हाडे बांधून टाकावी, एकादशीला आणि शेजारच्या घरी कार्य असेल त्या दिवशी आपले बेत पुढे ढकलावे. ही शेजारधर्माची जुनी समज आहे. तिला ठराव आणि नियमावल्या लागत नसत.

जेवणे आटोपली की पातेले राखेने दोनदा घासून, उन्हाची वाट न पाहता पुसून कोरडे करावे, कारण आषाढात ऊन कोठले. मग ते माळ्यावर जावे. ज्या घरी गौरीला तिखटाचा नैवेद्य आहे तेथे ते भाद्रपदात खाली उतरेल, इतरत्र नवरात्र संपल्यावर. कल्हई उडाली असेल तर कल्हईवाल्याला हाक मारण्यास श्रावणाचा सबंध महिना हाताशी आहे.